पेवात आधी कोण उतरणार

आमच्या भावकीत परवा एक मृत्युपत्र वाचलं गेलं. ज्या पुतण्याला त्यात कारभारी नेमलं होतं, त्याला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, आधी वाटू नकोस." एकाचाही विश्वास बसला नाही. चौथी शिकलेल्या बाईला कोर्टाच्या कामातलं काय कळतंय, असं तोंडावर म्हणाले. ठीक आहे. माझं ऐकू नका, गोष्ट तरी ऐका.

एकदा एक हळदीचा व्यापारी वारला. नदीकाठच्या गावात त्याची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खोल खणलेलं कोठार. तोंड अरुंद, आत ऐसपैस, भिंती शेणामातीने लिंपलेल्या. हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं तशीच राहते, कीड लागत नाही. व्यापारी मोठा धोरणी माणूस. डोळे मिटण्याआधी त्याने मृत्युपत्र करून ठेवलं होतं आणि वाटणीचं काम पोटच्या पोरांवर न सोपवता केरबा नावाच्या एका तरुणावर सोपवलं होतं.

हा केरबा गावातल्या वृद्ध गुरुजींचा शिष्य. मनाने निर्मळ, दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणारा. खोड एकच. समोरचा आवाज चढवून बोलला की याचा घसा कोरडा पडायचा आणि तोंडातून 'नाही' हा शब्द निघायचा नाही. घरी म्हातारी आई, डोक्यावर स्वतःचं कौलारू छप्पर, एवढंच त्याचं ऐश्वर्य. हळदीच्या धंद्याशी त्याचा संबंध नव्हता. पेवाच्या काठावर तो जन्मात कधी उभा राहिला नव्हता.

तो तिथल्या संस्थानाच्या कचेरीत गेला तेव्हा कारकुनाने त्याला नियम सांगितला. मृत्युपत्रावर दरबारची मोहर लागली पाहिजे. मृताचं ज्याला ज्याला देणं असेल त्याला दवंडी पिटून बोलावलं पाहिजे. मग दरबारचा वारसाकर. हे सगळं भागलं की उरेल ते वारसांचं.

"आणि आधीच वाटलं तर?" केरबाने विचारलं.

"वाटा की," कारकून म्हणाला, "दरबार वारसांच्या दारात जात नाही. ज्याने वाटलं त्याच्या दारात जातो. घर आहे ना तुमचं?"

केरबा घरी आला तो पांढरा पडूनच.

इकडे तेराव्याचं गोडजेवण झालं आणि व्यापाऱ्याच्या घरातले सूर बदलले. थोरला म्हणाला, "केरबा, हळदीला आज भाव आहे. उद्या असेल का? पेवं उघड." धाकटा म्हणाला, "बापाची हळद, मुलांनी मागायची, आणि हा परका मधे बसून हो-नाही करणार!" थोरल्याची बायको तर पाण्याला जातायेता ऐकवायची, "पेढीच्या किल्ल्या गळ्यात घालून फिरतोय बघा, जसं काही मंगळसूत्रच बांधलंय सासऱ्यांनी." गल्ली हसायची. हळूहळू हसण्याच्या जागी कुजबुज सुरू झाली. देत का नाही? काहीतरी खात असणार. निर्मळ माणसाला चोर म्हटलं की तो लवकर मोडतो. चोराला त्याचं काही वाटत नाही.

अखेर केरबा गुरुजींच्या पायाशी येऊन बसला. "गुरुजी, उद्या मी सगळं वाटून मोकळा होतो. घर गेलं तर जाईल. पण चोर म्हणवून घेणं आता सोसवत नाही."

गुरुजी सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तुझ्या आईला विचारलंस का, घर गेलं तर चालेल का?"

केरबाने उपरण्याने तोंड पुसलं.

"बरं. उद्या दुपारी सगळ्यांना मोठ्या पेवापाशी बोलाव. गाड्या घेऊन या म्हणावं. मी येतो."

दुसऱ्या दिवशी पेवाभोवती ही गर्दी. थोरला दोन गाड्या जुंपून आला होता, धाकटाही मागे राहिला नव्हता. सुना पोती घेऊन उभ्या. गड्यांनी तोंडावरची माती उकरली, जोर लावून शिळा सरकवली. आतून कोंदट, उग्र वास आला. गुरुजी काठी टेकत काठाशी गेले. त्यांनी एक हात केरबाच्या पाठीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "उतर."

केरबाने धोतराचा काचा मारला. गुरूची आज्ञा, त्यात विचारायचं काय? त्याने काठावर बूड टेकलं, पाय आत सोडले.

"अरे थांब!" थोरला ओरडला. पोतं टाकून तो धावला आणि त्याने केरबाला दंडाला धरून असं मागे खेचलं की दोघेही मातीत आडवे झाले. "मरायचंय का तुला? गुरुजी, वेड लागलं काय तुम्हाला? आत्ता तोंड उघडलंय त्याचं!"

धाकटाही धावत आला. "दोन श्वास घेतले असते तर तिसरा घेतला नसता याने. एवढंही ठाऊक नाही होय रे तुला?"

"मला कसं ठाऊक असणार?" केरबा धूळ झटकत म्हणाला. त्याच्या कमरेला गुंडाळलेल्या उपरण्याचं टोक गुरुजींच्या मुठीत घट्ट पिळलेलं होतं, ते त्याला आत्ता दिसलं.

गुरुजींनी विचारलं, "मग उतरायचं तरी कधी?"

"आधी वारा खेळू द्यायचा," थोरला धापा टाकत म्हणाला. "मग दिवा दोराने खाली सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. तेवला तर गडी उतरतो, तोही कमरेला दोर बांधून. आमच्या वडिलांनी कधी कोणाला घाईने उतरवलं नाही. भाव आभाळाला टेकला असला तरी नाही."

"का बरं? हळद तर तुमचीच. आतली विषारी हवा कुठे दिसते डोळ्यांना?"

"दिसत नाही म्हणूनच तर!" थोरला बोलला, आणि बोलून थबकला.

गुरुजी शिळेवर बसले. "बाळांनो, तुमच्या वडिलांनी मागे ठेवलेली सगळी मालमत्ता हे एक मिटलेलं पेव आहे. ते हयात असताना कोणी आत डोकावलं नाही. आत हळद आहे, आणि न दिसणारं देणंही आहे. कोणाची मजुरी असेल, कोणाची उधारी असेल, दरबारचा कर तर आहेच. दवंडी पिटणं म्हणजे वारा खेळू देणं. दरबारची मोहर आणि कर भरल्याची पावती हा तेवता दिवा. आणि उतरणारा गडी तुम्ही नाही. उतरणारा हा आहे. एका पोत्यासाठी तुम्ही याला या पेवात ढकललं नाहीत, उलट ओढून काढलंत. मग त्या दुसऱ्या पेवात तेराव्यापासून रोज का ढकलता आहात?"

एका गाडीचा बैल तेवढा मान हलवत होता.

मग ते केरबाकडे वळले. "आणि तू. मी म्हटलं उतर, तू पाय सोडलेस. हे म्हणाले वाट, तू किल्ल्या काढायला निघालास. विश्वासाने नेमलेल्या माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे. ते येत नसेल तर असलं काम पत्करू नये. पत्करलंस, तर आता शीक."

थोरल्याच्या बायकोने विचारलंच, "मग हळद मिळायची कधी?"

केरबाचा घसा कोरडा पडला होता. तरी तो म्हणाला, "वहिनी, दिवा तेवला की. त्याआधी नाही."

दवंडी पिटली गेली. हळद शिजवणारे मजूर आले, त्यांची सबंध हंगामाची मजुरी राहिली होती. पलीकडच्या गावचा पोत्यांचा व्यापारी आला. कचेरीच्या दप्तरात गावाच्या वरच्या अंगाची, बापाच्या नावावरची एक जमीन निघाली, जिची पोरांना गंधवार्ताही नव्हती. तिच्यापायी कर वाढला. तो भागवायला एक अख्खं पेव विकावं लागलं. आधी वाटून टाकलं असतं, तर त्या पेवाच्या जागी केरबाचं कौलारू घर गेलं असतं आणि म्हातारी आई रस्त्यावर बसली असती.

आता आपल्याकडे तसला वारसाकर नाही. म्हणून नाचू नका. मेलेल्या माणसाचा थकलेला प्राप्तिकर, घरपट्टी, उधारी, दवाखान्याचं बिल, हे त्याच्याबरोबर सरणावर जळत नाही. ते आधी. वाटणी मागाहून. ज्याला मृत्युपत्रात कारभारी केलंय त्याने हे मनात पक्कं करावं आणि बाकीच्यांनी त्याच्या दाराशी जाऊन बोंबलू नये.

शेवटी मोहर लागली, पावती मिळाली, वाटणी झाली. ज्याचं जेवढं होतं तेवढं त्याला मिळालं. पण तोवर हळदीचा भाव उतरला होता, थोरल्याची ती भीती खोटी नव्हती.

केरबा गुरुजींकडे गेला. "गुरुजी, सगळं नियमाने केलं. तरी ते माझ्याशी बोलत नाहीत."

"कमरेला दोर बांधून उतरलास ना? मग वळ उठणारच," गुरुजी म्हणाले. "वर सुखरूप आलास. वळाला तेल लाव."

केरबा हसला. किती दिवसांनी हसला, ते त्याच्या आईला विचारा. त्यानंतर तो कोणाला समजावायला गेला नाही. बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याच्या पेढीवरून जाताना त्याच्या कानावर पडलं, कोणी गिऱ्हाईक थोरल्याला विचारत होतं, "एवढी बापाची हळद, आणि हातात इतकंच आलं? नडलं कोण?" केरबाने पावलं मंद केली नाहीत, जोरातही टाकली नाहीत. मागून थोरल्याचं उत्तर आलं.

"केरबा."