अडाणी बायकांचा नमुना

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची नवी तपासणी आली. तिच्यात बाईला स्वतःचा नमुना स्वतःच घेता येणार होता. तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरांना ती शिकवताना बडे तज्ज्ञ डॉ. उपासनी हसले. "तीस वर्षं हे काम माझ्या हातांनी केलंय. आता खेड्यातल्या अडाणी बायका करणार? चुकतील हो नमुने!"

मागच्या रांगेतून डॉ. वनमाला खोत उठल्या.

"नमुना चुकला तर पुन्हा घेता येईल, सर. माझ्या नऊ पेशंट लाजेपायी तुमच्या हातांपर्यंत पोचल्याच नाहीत. त्यांचे मृत्यूचे दाखले मी लिहिले. त्यांत एकही चूक नव्हती."

टाळी कुणीच वाजवली नाही. तसे दाखले तिथल्या प्रत्येकानेच लिहिले होते.