पहिली उतरेल ती

“पोरगी वाईट नाही हो. पण हिच्या आधी दुसरी कुणी उतरली असती, तर तीही चाललीच असती की!”

सासूबाई हळू आवाजात आत्याबाईंना सांगत होत्या. आणि घरट्याच्या काठाआड नवी नवरी पवळी चोचीत काडी धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं. काडी तेवढी नीट बसवली.

पवळी म्हणजे करकोचीण, बरं का. पांढरीशुभ्र, पंखांना काळी किनार, चोच आणि पाय पोवळ्यासारखे लाल. बर्फाच्या डोंगरांपलीकडे एक राजा होता, त्याच्या धान्यकोठाराच्या छपरावर या करकोच्यांचं गाव. राजाचं या गोष्टीत एवढंच काम. तो झोपलाय, त्याला उठवू नका.

तेव्हा करकोच्यांना बोलता यायचं. आणि बोलायचेही फार.

पवळीचा नवरा धवळा. त्याचं घरटं पणजोबांपासूनचं. दरवर्षी वर नव्या काड्या रचून रचून बैलगाडीएवढं झालेलं. त्या गावची रीत अशी, की थंडी सरली की नर आधी येणार आणि आपलं घरटं धरून बसणार. मग जी पहिली उतरेल ती घरधनीण. पवळी उतरली. धवळ्याने मान मागे टाकून पाठीला टेकवली आणि चोच वाजवली, टकटकटक. झालं लग्न. पवळीला वाटलं, ही टकटक आपल्यासाठी. सासूबाईंचं बोलणं ऐकल्यावर वाटलं, नसेलही.

मग तिने मन लावून संसार केला. अंडी उबवली. उन्हात पिलांवर पंख धरून सावली केली. तळ्यावरून घशात पाणी भरून आणलं आणि त्यांच्या अंगावर ओतलं. पिलं मोठी झाली, उडून गेली. मग थंडी आली आणि जो तो आपापल्या वाटेने दक्षिणेला निघाला. पवळी आपल्या इकडे आली, बरं का. हरभऱ्याच्या शेतांत टोळ वेचत फिरली. मनात एकच धरलं होतं: यंदा मला पाहून तो चोच वाजवेल, ती टकटक माझ्यासाठीच असेल.

मग उन्हं तापली आणि ती परत निघाली. आधी आभाळ भरलं. करकोचे लांबच्या वाटेला फार पंख मारत नाहीत, तापलेल्या हवेवर तरंगतात. ऊन नाही, तर बसा खाली. मग गारा झोडपून गेल्या. मग तिला काटेरी झुडपात मेंढीच्या लोकरीचा पुंजका अडकलेला दिसला. धवळा म्हणायचा, काड्या पाठीला टोचतात. ती उतरली. लोकर सोडवता सोडवता ऊन कलून गेलं.

पोचली, तर घरट्यात दुसरी उभी. धवळा मान मागे टाकून चोच वाजवत होता. तशीच. एका टकटकीचाही फरक नाही.

पवळी काठावर उतरली. दुसरीने पिसं फुलवली. सासूबाई, आत्याबाई, सगळा शेजार छपरावर जमला. कारण पुढची रीत अशी, की दोघींनी भांडायचं, जिंकेल तिचं घर. नवऱ्याने मध्ये पडायचं नाही.

“चोच मार गं! बघत काय बसलीस?” आत्याबाई ओरडल्या.

“डोळे सांभाळ गं बाई,” सासूबाई म्हणाल्या. कुणाला, ते काही कळलं नाही.

पवळीने धवळ्याकडे पाहिलं. तो काड्या सारख्या करत होता. त्याने एकदा वर पाहिलं असतं ना, तर तिने त्या दुसरीचं पीस न् पीस उपटलं असतं. तिने वाट पाहिली. मग आणखी पाहिली. मग आणखी थोडी.

मग तिने लोकर दुसरीच्या पायाशी ठेवली आणि बोलली. बोलली आणि उडाली. नदीकाठच्या एका वठलेल्या झाडावर तिने एकटीने घरटं बांधलं. तिकडे ती सुखाने राहिली आणि इकडे हेही सुखानेच राहिले. पण तिच्या बोलण्यावर कुणाला उत्तर सुचेना. चोची उघडायच्या आणि मिटायच्या, नुसती टकटक. तेव्हापासून करकोच्यांना तेवढंच येतं.

काय बोलली म्हणता? आधी पांघरूण ओढा. डोळे मिटा बघू. हं.

ती म्हणाली, “सासूबाई, आत्याबाई, बसा निवांत, आज भांडण नाही. जिंकून मिळायचं ते एवढंच ना, हे खाली मान घालून काड्या सारख्या करणारं? असू द्या हिलाच.”