पाणसळीतला बुडबुडा

“…मग चूक कुठंय, तेवढं तरी सांगा ना, चाचा?”

केतकीने हे तिसऱ्यांदा विचारलं. सत्तारचाचा स्टुलावर बसून बशीतल्या चहावर फुंकर घालत होते.

वर भिंतीवरचा एसी टपटपत होता. खाली घमेलं. घमेल्याला लागूनच परभणीच्या त्या जुन्या ग्रंथालयाचं पोथ्यांचं कपाट, भिंतीतच बांधलेलं, हलवता न येणारं. सकाळी एका पोथीचं लाल फडकं हाताला ओलं लागलं, तेव्हापासून ग्रंथपाल डबीरबाई खुर्चीला टेकल्या नव्हत्या. आज थांबलं नाही तर यंत्र काढून न्या, असं त्यांनी शांतपणे सांगितलं होतं. शांतपणे सांगितलं, म्हणूनच जास्त लागलं. हा एसी बसवणं म्हणजे चाचांनी एकट्या केतकीवर सोपवलेलं पहिलंच काम.

तिने सगळं करून पाहिलं होतं. जाळी धुतली, गॅस तपासला. कॉइलवर बर्फ नव्हता, ट्रे फुटलेला नव्हता. पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत दोनदा फुंकून झालं होतं. दर खेपेला दहा मिनिटं बरं, की पुन्हा टपटप. आणि चाळीस वर्षं याच धंद्यात काढलेला हा माणूस आल्या आल्या चहा मागवतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एवढा राग तिला एकाही सरांचा आला नव्हता.

“नळी कुणी टाकली?”

“मीच. पाणसळ लावून.” आठ फूट लांब, खिडकीच्या चौकटीला समांतर, रेघ मारल्यासारखी. डबीरबाईंनीसुद्धा वाखाणली होती.

“लाव बरं पुन्हा.”

केतकीने पिशवीतून पाणसळ काढली, शिडीवर चढली आणि नळीला टेकवली. काचेतला बुडबुडा थोडा सरकला, थांबला.

“बघा. मधोमध.”

“मधोमध,” चाचा म्हणाले.

“तसूभरही इकडं-तिकडं नाही.”

“नाहीच.”

…

ती बुडबुड्याकडे बघत राहिली. कुठंच जायचं नसल्यासारखा तो आपल्या जागी निवांत बसला होता.

…

केतकीने पाणसळ खिशात टाकली. नळीच्या बाहेरच्या टोकाचा क्लॅम्प सोडला, टोक चार बोटं खाली दाबलं, पुन्हा आवळलं. रेघ बिघडली. नळीला ढाळ मिळाला.

भिंतीपलीकडे गुळगुळ झालं. मग अंगणातल्या फरशीवर धार पडल्याचा आवाज आला.

अर्धा तास तिघंही घमेल्याकडे बघत राहिले. एक थेंब नाही.

डबीरबाईंनी फडकं सोडून पोथी उघडली. समास तेवढा भिजला होता. “अक्षर शाबूत आहे,” त्या म्हणाल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. मग त्यांनीच पुन्हा चहा सांगितला, साखर जास्त घालून.

केतकीला हसू फुटलं. फुटलं, याचाही तिला थोडा राग आला.

“तुम्हाला दारातूनच दिसलं होतं ना, चाचा? मग इतका वेळ गप्प का बसलात?”

…

“उतार पडायची वाट बघत होतो, बेटा.”