पदराच्या गाठीतला विडा

एका राज्यात, सात डोंगरांच्या पलीकडे आणि तीन नद्यांच्या अलीकडे, शब्दाला सोन्याहून अधिक मोल होतं. अवघड काम निघालं की भर दरबारात चांदीच्या तबकात विडा ठेवत. जो उचलेल त्यानं तो तिथंच खायचा आणि काम फत्ते करूनच परत तोंड दाखवायचं, अशी रीत. आमच्या राजाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक छाती पुढं काढून सांगत. आणि खोटं नव्हतं ते. पण मोठ्या माणसांच्या चुकाही मोठ्याच असतात, दुसरं काय!

झालं असं, की दरबारचा तांबोळी खेमाजी चांगल्या पानांच्या शोधात सर्पगिरीवर गेला. तिथल्या गुहेतल्या नागानं त्याला भिंतीशी उभं करून गळ्यापर्यंत दगड करून टाकलं. त्याची बायको गिरजाई रडत दरबारात आली. ज्याच्या हातचा विडा आपण रोज खातो त्याच्यासाठी आपणच जायला हवं, असं म्हणून खुद्द रणकेतू महाराजांनी तबकातला विडा उचलला, खाल्ला आणि घोड्यावर मांड टाकली. गुहेत जाऊन पाहतात तो माणकांचे ढीग! महाराजांनी पोती भरली, खेमाजीला म्हणाले, एवढं पोचवून आलोच. गेले ते गेलेच.

गिरजाईच्या जिभेला सिद्धी होती. तिनं आरडाओरडा केला नाही. ती एवढंच म्हणाली, "राजा, तुझ्या वंशानं दिलेला शब्द सूर्यास्तापलीकडे त्याच्या ध्यानात राहणार नाही. कुणाला दिला, याचीही आठवण राहणार नाही. एक शब्द जेव्हा सूर्यास्त ओलांडून पाळला जाईल, तेव्हा शाप फिटेल." मग ती रिकामं तबक मांडीवर घेऊन राजवाड्याच्या दाराशी बसली. साठ वर्षं बसली.

तेव्हापासून त्या घराण्याची दशा काय सांगावी! सकाळी तह करावा, संध्याकाळी विसरावा. शेजारची राज्यं तोंडाला पदर लावून हसत. रणकेतूंचे चिरंजीव अमरकेतू महाराज तरुणपणी एकदा विडा खाऊन खेमाजीला सोडवायला निघाले. सूर्य मावळला तसे रानात थांबले आणि सेवकांना विचारू लागले, आपण इथं कशाला आलो? राजा विसरला हे राजाला सांगायचं कुणी? सेवक म्हणाले, शिकारीला. महाराज हरीण घेऊन परतले आणि दाराशी बसलेल्या गिरजाईनं नुसतं पाहिलं. त्यानंतर महाराजांनी कानाला खडा लावला. कुणालाच, अगदी पोटच्या लेकीलाही, कसलाच शब्द द्यायचा नाही.

ती लेक म्हणजे राजकन्या केतकी. बाप कधी 'उद्या' म्हणत नाही, हे दुःख ती लहानपणापासून गिळत आली होती.

एके दिवशी शेजारच्या भुजंगसेन राजाचा दूत आला. म्हणाला, ज्यांचा शब्द संध्याकाळी मरतो त्यांच्याशी सीमेचा तह कसला? सातव्या दिवशी आमची फौज वेशीत शिरेल. दरबार खाली मान घालून बसला. केतकीनं तबक मागवलं, विडा ठेवायला लावला आणि स्वतःच उचलला. वृद्ध प्रधान शारंगधर म्हणाले, रीतीप्रमाणं आता तो खावा.

"नाही," केतकी म्हणाली. "आम्ही आजवर विडे खाल्ले आणि विसरलो. खेमाजीला घेऊन येईन, शाप फिटेल, तेव्हा खाईन." तिनं विडा पदराच्या टोकाला बांधला, घट्ट गाठ मारली, राजवाड्यातली बोलकी साळुंकी खांद्यावर घेतली आणि निघाली.

पहिल्या दिवशी काट्यांचं रान आडवं आलं. रान म्हणालं, घोडा ठेव, वाट देतो. तिनं घोडा ठेवला. सूर्य मावळला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. पदराला गाठ दिसत होती, पण कशाची ते ध्यानात येईना. साळुंकीनं सगळं सांगितलं, खेमाजी, गिरजाई, भुजंगसेन. केतकी म्हणाली, "मी असा शब्द दिला होता? मग आता पुन्हा देते." आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्याची नदी लागली. नदी म्हणाली, अंगावरचं सोनं टाक, वाट देते. तिनं बांगड्या, तोडे, कंबरपट्टा, सगळं टाकलं. सूर्य मावळला, ती पुन्हा विसरली. साळुंकीनं पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा शब्द दिला. शब्द सूर्यास्त ओलांडत नसेल तर आपण तो पलीकडे जाऊन परत द्यायचा, एवढं साधं तिला समजलं होतं. पण हे साधं समजायला साठ वर्षं लागली हो!

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना ती सर्पगिरीच्या गुहेशी पोचली. गुहा म्हणाली, आत दुसरा आवाज चालणार नाही. पाखरू बाहेर ठेव.

साळुंकी कावरीबावरी झाली. "बाईसाहेब, मग सूर्य मावळल्यावर आठवण कोण देईल?"

"गाठ आहे," केतकी म्हणाली. पण ती गाठ तिनं दोनदा ओढून पाहिली. भीती वाटली तर वाटली म्हणावं, त्यात लाज कसली?

गुहेच्या पायऱ्या संपेनात. शेवटची पायरी उतरली आणि बाहेर सूर्य मावळला. समोर माणकांचे ढीग, आणि ढिगावर नाग. केतकीला दिलेल्या शब्दातलं काही म्हणजे काही आठवेना.

नाग म्हणाला, "रणकेतूची नात ना तू? ने हवं तेवढं. त्यानंही नेलं होतं."

राज्य लुटलं जायची वेळ आलेली, हे तिला माहीत होतं. या माणकांवर चार फौजा उभ्या राहिल्या असत्या. तिनं ओंजळ पुढं केली आणि मनगटाला पदराची गाठ लागली. तिनं ती सोडली. आत सुकलेला विडा. केतकीनं तो उलटसुलट करून पाहिला. मग तिनं मान वर केली.

"हा विडा आमच्या दरबारचा आहे आणि मी खाल्लेला नाही. म्हणजे कुणाला तरी शब्द दिलाय आणि तो पुरा व्हायचाय. कुणाला दिला ते मला ठाऊक नाही. इथं कुणी माझी वाट पाहतंय का?"

भिंतीतून खोकल्याचा आवाज आला. "विडा जरा इकडं दाखवा बघू, बाईसाहेब. हं. चुना जास्त झालाय. माझ्या हातचा नव्हे हा."

गळ्यापर्यंत दगड झालेला एक म्हातारा होता तो.

"तुम्ही कोण?"

"दरबारचा तांबोळी, खेमाजी. राजा येतो म्हणाला होता."

केतकीचे डोळे भरून आले. "मग शब्द तुम्हालाच दिला असणार. आठवत नाही, म्हणून पुन्हा देते. तुम्हाला घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही." तिनं खाली मांडी घातली आणि माणकांकडे पाठ फिरवली.

नाग हसला नाही की फुत्कारला नाही. ढिगावरून उतरून तो वाटेतून बाजूला झाला. दगड वरून खाली तडकत गेला आणि खेमाजी एक पाऊल पुढं आला. त्याच क्षणी केतकीला सगळं आठवलं. तिनं विडा तोंडात टाकला. चुना खरंच जास्त होता.

सातव्या दिवशी संध्याकाळी भुजंगसेन वेशीशी उभा असताना ती दोघं पोचली, साळुंकी पुढं. गिरजाई उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "उशीर केलात." खेमाजी म्हणाला, "राजघराण्याची वाट पाहत होतो. आलं बघ." मग त्यानं तिच्या हातातलं तबक घेतलं.

अमरकेतू महाराज वेशीवर चढले. म्हणाले, "भुजंगसेना, माझी फौज तुझी सीमा ओलांडणार नाही, तू माझी ओलांडू नकोस. हा माझा शब्द." भुजंगसेन म्हणाला, सूर्य मावळू दे, मग बोलू. सगळं नगर तटावर चढून पश्चिमेकडे पाहत राहिलं. सूर्य गेला. महाराजांनी तोच शब्द, एक अक्षर न गाळता, पुन्हा उच्चारला. भुजंगसेनानं, खरं सांगायला हवं, घोड्यावरून उतरून मुजरा केला आणि फौज मागं वळवली.

तटावर जयघोष चालला होता. त्यात महाराज लेकीजवळ आले.

"केतकी, तू पाच वर्षांची होतीस. एकदाच माझ्या तोंडून निसटलं होतं, उद्या धनुष्य धरायला शिकवीन."

"हो, आबासाहेब."

"उद्या पहाटे ये."

पहाटे ती मैदानात पोचली, तर बाप दोन धनुष्यं घेऊन आधीच उभा होता.

त्या राज्यात अजूनही तबकातला विडा उचलला की आधी गाठीत बांधतात आणि काम झाल्यावरच खातात. गाठ ज्याची त्यानं सोडायची. ही कथा आपण इथं सोडू.