केरबा सुताराचा खांदा

"वस्ताद, माझं चुकलं कुठं, एवढं सांगा."

भैरू खोतानं तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल वस्ताद आखाड्याच्या काठावर बसून तांबड्या मातीतले खडे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"खांदा मोकळा झाला का नाही?"

"झाला."

"मग?"

...

भैरू बारा वर्षं या तालमीत होता. कुस्ती त्याला बेताचीच आली, पण हात देवानं दिलेले. मुरगळलेला पाय, धरलेली कंबर, आखडलेली मान घेऊन लोक लांबून यायचे आणि वस्तादांसमोरच म्हणायचे, भैरूचाच हात लागू दे. वस्ताद ऐकून घ्यायचे. भैरूही ऐकायचा, आणि त्याला ते गोड लागायचं.

तालमीत मालिशची रीत ठरलेली. पैलवान पालथा पडायचा. एकानं पाय धरायचे, दुसऱ्यानं कमरेत गुडघा रोवायचा. पैलवान ओरडायचा, सगळ्यांच्या आईबापांचा उद्धार करायचा, बाकीचे हसायचे. ओरडून ओरडून तो गप्प झाला की समजायचं, गाठ सुटली.

हीच रीत भैरूनं सुतारावर चालवली.

केरबा सुताराचा उजवा खांदा वर्षभर धरला होता. रंधा मारता येत नव्हता, घरातली चूल विझायची वेळ आली होती. माणूस शब्दाला महाग. सदरा काढतानासुद्धा त्यानं तोंड भिंतीकडं केलं. भैरूनं त्याला पालथा घातला, तेल सोडलं आणि खांद्याच्या फऱ्याखाली बोटं घातली.

"सोडा," केरबा म्हणाला.

"जरा कळ काढा, सुतार."

"सोडा मला. पाया पडतो."

"लाकूड तासताना ते बोलतं व्हय तुमच्याशी?"

तालीम हसली. भैरूनं गुडघा रोवला. एकाला पाय धरायला लावलं. केरबा एकदा सगळ्या अंगानं उसळला. मग एकदम गप्प झाला. ओलं गोणपाट पडावं तसा.

"सुटली गाठ," भैरू म्हणाला.

खरंच सुटली होती. केरबा उठला तेव्हा हात कानापर्यंत वर गेला. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. सदरा हातात धरून, वहाणा तिथंच टाकून, भर दुपारी उघड्या अंगानं बाजारपेठेतून घरी गेला.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको हौसाबाई वहाणा न्यायला आली. बाईमाणूस तालमीत येत नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि वस्तादांकडं बघून बोलली.

"गेल्या साली शेजारच्या गावात त्यांस्नी चोर समजून धरलं होतं. चौघांनी पालथं पाडलं, पाठीवर पाय दिला. सकाळपासनं दुपारपातूर. तवाच खांदा गेला."

एका पोरानं वहाणा आणून उंबऱ्यावर ठेवल्या.

"आता हात चालतोय. पण माणूस बोलंना. पाठ भिंतीला लावून बसत्यात. पाण्याचा तांब्या द्यायला गेले तर अंग चोरत्यात."

"आम्हाला हे काय ठाऊक, वहिनी?" भैरू म्हणाला.

"कसं ठाऊक असंल? कुणाला सांगितलंच न्हाई त्यांनी. नुसतं सोडा म्हणले असतील."

वहाणा उचलून ती गेली.

...

"मग काय केलंस?" वस्तादांनी आता विचारलं.

"काल गेलो त्याच्या घरी. माफी मागायला."

"मागितलीस?"

भैरूनंही मातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"बोल."

"मागू दिली नाही. मला दारात बघितलं आणि उठला. हात जोडले. सदरा काढला... आपणहून अंगणात पालथा पडला, वस्ताद. मी उठा, उठा म्हणतोय. हाताला धरून उठवायची छाती होईना. तो पडूनच. शेवटी मीच निघालो."

वस्तादांचा हात मातीत थांबला.

"किती वेळ पडला होता?"

"वळणावरनं मागं बघितलं तेव्हा पडलेलाच होता."

भैरूनं शेजारची तेलाची वाटी लांब सारली.

"मी आजपासनं कुणाला हात लावणार नाही," भैरू म्हणाला.

"त्यानं केरबा उठंल?"

"मग काय केलं की उठंल? तुम्ही सांगाल ते करतो."

"मला ठाऊक नाही," वस्ताद म्हणाले. "उठंल असं वाटत नाही."

बारा वर्षांत वस्तादांनी कशाला नाही म्हटलेलं भैरूनं ऐकलं नव्हतं. मोडलेली हाडं घेऊन माणसं आली, तरी ते बघू म्हणायचे.

वस्ताद उठले. बंडी काढून खुंटीला अडकवली आणि मातीत पालथे पडले.

"चोळ."

"आत्ता?"

"चोळ म्हणतो ना."

भैरूनं तेल घेतलं. सत्तरीची पाठ. कातडं सैल, बरगड्या बोटांना लागत होत्या. त्यानं फऱ्याखाली बोटं घातली आणि सवयीनं दाब दिला. वस्ताद बोलले नाहीत. त्यानं आणखी दाब दिला. हूं नाही, चूं नाही.

भैरूचे हात जागीच थांबले.

"वस्ताद... दुखतंय काय?"

उत्तर नाही.

"वस्ताद, सोडू?"

त्यानं दोन्ही हात उचलले, गुडघ्यांवर पुढं सरकला आणि वाकून त्यांचं तोंड बघितलं. गाल मातीला टेकलेला. डोळे उघडे, समोरच्या भिंतीवर.

"मी गप्प होतो, तर मला विचारलंस," वस्ताद म्हणाले.