कोऱ्या कापडाचा शाप

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता, आणि त्याची राणी कनकप्रभा बाळंतपणात गेली. मुलगी वाचली, आई गेली. राजाने मुलीचं तोंड पाहिलं नाही. राणीची सगळी लुगडी त्याने एका खोलीत ठेवली, खोलीला कुलूप घातलं आणि धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाला बोलावून सांगितलं, "या कापडाला कसर लागू नये. रंग उडू नये. यातला एक धागा जुना होऊ नये."

मांत्रिक म्हणाला, "होईल. पण माझा मंत्र एका खोलीपुरता थांबत नाही. तुझ्या राज्यात जुनं कापड म्हणून उरणार नाही."

दुःखात बुडालेला माणूस कशालाही हो म्हणतो. राजा म्हणाला, "तसं तर तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक जागे झाले तो अंगावरच्या गोधड्या पापडासारख्या ताठ. ठिगळं गेली, विटलेले रंग परत आले, फाटकी धोतरं कोरी करकरीत झाली. लोक हरखले. कापड फाटत नाही, विकत आणावं लागत नाही, असं सुख कुणाला नको? पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते काही उगीच नाही. दहाव्या दिवसापासून म्हाताऱ्यांच्या गालांना उश्या टोचू लागल्या. चुंबळीपुरती चिंधी मिळेना, म्हणून पाणवठ्यावर बायांच्या डोक्यावरून घागरी घरंगळू लागल्या. पोतेरं नाही म्हणून चुली सारवायच्या राहिल्या. कोरं कापड पाणी पीत नाही, वळवू तसं वळत नाही आणि माणसाच्या अंगाशी लवकर जुळवून घेत नाही.

सगळ्यांत जास्त हाल झाले ते तान्ह्या पोरांचे. त्या राज्याची रीत अशी, की बारसं होईपर्यंत बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही. आजीचं लुगडं, बापाचं धोतर, असं वापरून मऊ झालेलंच लावायचं. आता ते आणावं कुठून? राजकन्येला रेशमात गुंडाळलं, मलमलीत गुंडाळलं; सगळं कोरं, सगळं टोचरं. तीन महिन्यांची पोर दिवसभर रडे, आणि तिला नाव ठेवायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं.

त्याच नगरात भिवराबाई राहत असे. जुनेरांच्या गोधड्या, उश्या, दुपटी शिवण्यात तिचा जन्म गेला होता. बाई जिभेची तिखट, पण तिचा टाका असा मऊ की अंगाला कळू नये. एके सकाळी राजवाड्यातली दाई तिच्या दारात येऊन उभी राहिली.

"भिवराबाई, पोर दूध घेत नाही. अंग सोलून निघालंय. वैद्य म्हणतात, तीन दिवस."

"मग मी काय करू, बाई? सुई आहे, कात्री आहे, जुनेर नाही. राजाला सांगा."

"सांगणार कसं? तो त्या खोलीच्या दाराशी बसून आहे. मंत्र कुणी मोडू नये म्हणून वाटेत मांत्रिकाने दोन पहारेकरी ठेवलेत. गेला तो परत येत नाही."

दाई डोळे पुसत निघून गेली. भिवराबाई उठली आणि गावाबाहेरच्या उंबराखाली गेली. तिथे एक शिंपी पक्षी पानाला पान शिवीत बसला होता. दोघांचा धंदा एक, त्यामुळे ओळख जुनी होती.

"पहिल्या दारावर राक्षस आहे," पक्षी म्हणाला. "त्याला उशी हवी. दुसऱ्या दारावर चेटकीण आहे. तिला चुंबळ हवी. तिसऱ्या दारावर राजा आहे. ज्याने जपलं, त्यानेच आपल्या हाताने कापावं, तेव्हा मंत्र मोडेल."

"आणि त्याने कापलं नाही तर?"

"तर पोर जाईल." पक्षी गोडगोड बोलणाऱ्यांतला नव्हता.

"अरे, पण उशी शिवू कशाची? कापड टोचतं."

"मी कशाची शिवतो?" पक्ष्याने विचारलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

भिवराबाईने कपाळावर हात मारला. मंत्र कापडावर होता, पानांवर नव्हता. तिने केळीची कोवळी पानं घेतली, सावरीचा कापूस घेतला, भाताच्या पेंढ्याची एक पेंढी घेतली. मग ती घरी गेली आणि पेटीच्या तळातून एक पुरचुंडी काढून तिने कमरेला खोचली. तिच्या तुळसाचा परकर होता तो. तुळसा सहा वर्षांची असताना तापाने गेली, त्याला अठरा वर्षं झाली होती. गावातल्या कितीतरी मेलेल्या माणसांची कापडं भिवराबाईने कापली होती, रडणाऱ्या बायांना शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि स्वतःच्या घरातल्या या परकराला मात्र कात्री लावली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातली गत.

पहिल्या दारात ताडाएवढा राक्षस दगडावर डोकं टेकून पडला होता. तो म्हणाला, "तीनशे वर्षं मान अवघडली आहे. झोप नाही, म्हणून भूक फार. तुला खातो."

"आधी नीज. मग भूक राहिली तर खा," असं म्हणून भिवराबाईने त्याच्यापुढेच पानांची उशी शिवली आणि तिच्यात सावरीचा कापूस भरला. राक्षसाने डोकं टेकलं आणि तो घोरू लागला. वाटेतले दगड हलत होते, पण बाई पार गेली.

दुसऱ्या दारात चेटकीण उभी होती. तिच्या डोक्यावर निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं होतं, ते तिला कधी खाली ठेवता येत नव्हतं. "डोकं दुखतं का गं?" असं विचारत भिवराबाईने पेंढ्याला पीळ दिला, गोल चुंबळ वळली, ओली केली आणि घमेल्याखाली सरकवली. चेटकिणीने मान डावीकडे, उजवीकडे वळवून पाहिली. मग म्हणाली, "जा, बये. डोकं दुखतं का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

तिसऱ्या दाराशी राजा बसला होता. त्याची दाढी वाढली होती आणि किल्ली मुठीत होती.

"महाराज, राजकन्येला दुपटं हवं. राणीसाहेबांचं एक लुगडं द्या."

"कात्री लावू देणार नाही. तिचं एवढंच उरलं आहे."

"खोली उघडून किती दिवस झाले?"

"तीन महिने. उघडली तर तिचा वास जाईल."

भिवराबाई त्याच्यासमोर खाली बसली. पक्ष्याने सांगितलेले उपाय संपले होते, आणि इथे पान नि पेंढा चालणार नव्हता. तिने पुरचुंडी सोडली. "हा माझ्या लेकीचा परकर. अठरा वर्षं याला तिच्या केसांचा वास होता. समोर जांभळाचा डाग होता. तुमचा मंत्र झाला त्या सकाळी पेटी उघडली, तर कोरा परकर. डाग नाही, वास नाही. महाराज, त्या दिवशी माझी पोर दुसऱ्यांदा गेली. त्या खोलीत राणीसाहेब नाहीत. कापड आहे."

राजाने कुलूप काढलं. लुगडी ओळीने रचली होती, दुकानात असावीत तशी. त्याने एक उचलून तोंडाशी धरलं. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला. त्याने दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग तो तिथेच बसला आणि म्हणाला, "मीच तिला पुसून टाकलं."

"ज्याने जपलं त्याने कापलं, तर मंत्र सुटतो. आधी मी कापते," भिवराबाई म्हणाली. तिने कात्री उघडली, पण हात पुढे जाईना. तिला रडू फुटलं. तशीच रडत रडत तिने परकर कापला. कात्री फिरली तसं कापड विटलं, मऊ पडलं, आणि मधोमध जांभळाचा डाग उमटला. तिने परकर छातीशी धरला. राजाने ते पाहिलं आणि कात्रीसाठी हात पुढे केला.

त्याने राणीचं रोजचं हिरवं लुगडं निवडलं. पहिला काप दिला तसा खोलीत शिकेकाईचा आणि केवड्याचा वास दरवळला. त्याच क्षणी राज्यातलं सगळं कापड जुनं झालं. ठिगळं जागच्या जागी आली, गोधड्या लोळागोळा झाल्या आणि भर दरबारात प्रधानजींच्या धोतराने दगा दिला. मांत्रिकाची कफनी तर तीनशे वर्षांची होती. तिची धूळ झाली, आणि तो जो पळाला तो परत दिसला नाही.

भिवराबाईने तिथेच बसून हिरव्या लुगड्याचं दुपटं शिवलं, आत परकराचं अस्तर लावलं. वाड्यातून मोहरी नि भाकरी मागवली; उरलेल्या तुकड्यात मोहरी भरून बाळाच्या डोक्याखाली ठेवायची मुठीएवढी उशी केली. शेवटचा कोपरा तिने उघडा ठेवला आणि म्हणाली, "यात एक घास घाला, महाराज. उपाशी दुपट्याला ऊब येत नाही. घरच्या माणसानेच घालायचा असतो." राजाने भाकरीचा तुकडा मोडून आत घातला, आणि तिने टाका घालून दोरा तोडला.

दाईने राजकन्येला आणलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. राजाने तिला पहिल्यांदा हातात घेतलं, दुपट्यात गुंडाळलं, घाबरत घाबरत कुशीशी धरलं. पोरीने तोंड हिरव्या कापडाकडे वळवलं. नाक फुरफुरलं. रडणं थांबलं. तिने काठ मुठीत घट्ट धरला आणि डोळे मिटले.

"का हो, बाई, ती गप्प का झाली?" राजाने घाबरून विचारलं.

"आई भेटली तिला," भिवराबाई म्हणाली. "आता हलू नका."

राजा हलला नाही. ऊन कलेपर्यंत तो तसाच बसून होता, आणि पोर निजली होती. तिला मिळाली तशी मऊ कूस साऱ्या लेकरांना मिळो.