आधी यादी, मग एंटर

संग्रहालयाच्या संगणकात जुन्या नाण्यांचे नऊ हजार फोटो होते आणि त्यातले निम्मे दुबार! दुबार तेवढे पुसायला तिथल्या हेमांगी साबळेने वीस ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम लिहिला. ही स्क्रिप्ट आधी काय काय पुसणार त्याची नुसती यादी दाखवायची आणि 'हो' म्हटल्यावरच कामाला लागायची. त्या यादीमुळेच सकाळी मोठी चूक सापडली होती. एकाच नाण्याचा छापा आणि काटा सारखेच समजून स्क्रिप्ट काटा पुसायला निघाली होती!

दुपारी संचालक धामणस्करसाहेब समितीला घेऊन रुबाबात आले आणि यादी बघून भडकलेच. "हा काय भित्रेपणा? पुसायला सांगितलंय, विचारायला नाही! काढ ती यादी आणि चालव आत्ताच्या आत्ता!"

चुकून पुसलेला फोटो परत मिळवायला बॅकअप कुठेच नव्हता. पण क्षणात हेमांगीचे डोळे चमकले. तिने भराभर दोन ओळी बदलल्या.

"काढली यादी, साहेब! आता पहिला मान तुमचा. तुमच्या सत्काराच्या फोटोंचा फोल्डर लावलाय. दाबू एंटर?"

बोट एंटरवर टेकलं मात्र, साहेब ताडकन पुढे झाले. "अगं थांब, थांब! आधी काय काय पुसलं जाणार ते तर दाखव!"

सगळी समिती खो खो हसायला लागली.

"साहेब," हेमांगी शांतपणे म्हणाली, "नाण्यांना असं ओरडता येत नाही. म्हणून त्यांच्या वतीने मी ती यादी ठेवली होती."